टेबल कुणाच्या मापाचं?

डोंबिवलीच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. वय ३६, उंची ५ फूट १ इंच. ऐरोलीच्या एका कंपनीत नोकरी. आठवड्यातले दोन दिवस ऑफिस, तीन दिवस घरून काम. घर वन बीएचके, त्याच्या हप्त्यात त्यांचाही पगार जातो. घरात नवरा, चौथीतली मुलगी आणि सासूबाई. घरून काम असलं की सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडायचा, दुपारी ताटं घ्यायच्या वेळी तो उचलून पलंगावर जायचं, मुलगी शाळेतून आली की पुन्हा बाहेर. संध्याकाळपर्यंत मान आणि कंबर भरून येते. ऑफिसच्या दिवशी इतकं दुखत नाही. हल्ली रात्री उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या येऊन जाग येते. नवऱ्याने १४ हजारांची गेमिंग खुर्ची पसंत केली आहे. सासूबाई विचारतात, ती ठेवणार कुठे? टेबलावर वायरींचं जाळं असतं, कुणी आलं की लाज वाटते. वीज गेली की मीटिंग तुटते. बेडरूममध्ये कपाट आणि खिडकी यांमध्ये तीन फूट भिंत आहे, शिवाय बंद केलेली गॅलरी आहे. हॉलच्या खिडकीपाशी सासूबाईंचं शिलाई मशीन आहे. त्या पूर्वी ब्लाउज शिवून द्यायच्या, आता मशीन बंद असतं, पण ‘ते हलवायचा प्रश्नच नाही’. पत्र लिहिणाऱ्या ताई विचारतात, ‘हीच खुर्ची घेऊ की दुसरी? आणि घर आवरलेलं दिसेल असं काय करता येईल? मला फार काही नको, एक कोपरा मिळाला तरी पुरे.’

नमस्कार,

आधी तुमच्या हाताबद्दल, कारण ते थांबवून ठेवण्यासारखं नाही. रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येणं ही मनगटात नस दबत असल्याची नेहमीची खूण आहे. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट जास्त बधिर होतं का, हात झटकला की बरं वाटतं का, हे दोन-चार रात्री नीट बघा आणि डॉक्टरांना दाखवा. ते थायरॉईड आणि साखर तपासायला सांगतील, तेही करून घ्या, कारण या दोन्हींमुळेसुद्धा असा त्रास होतो. तपासणी झाल्याशिवाय मनगटाला बाजारातला पट्टा बांधून गप्प बसू नका. हेच इतर वाचकांनाही सांगते. बधिरपणा, पायात उतरणारी कळ, हातातून वस्तू निसटणं, यांपैकी काही असेल तर फर्निचर नंतर बघा, डॉक्टर आधी.

आता टेबल. खुर्चीबद्दल तुम्ही दीड पान लिहिलंत. टेबलाबद्दल एकच वाक्य आहे, तेही ते रिकामं करण्याबद्दल. माझ्या मते तुमच्या पाठीचं दुखणं खुर्चीपेक्षा या टेबलापासून सुरू होतं.

आपल्याकडे स्वयंपाकघराचा ओटा बांधायला घेतला की मिस्त्री विचारतो, ‘उंची किती ठेवू?’ घरातली बाई येऊन उभी राहते, हात पुढे धरून दाखवते, आणि ओटा दोन इंच वर किंवा खाली होतो. चुकला तर वर्षानुवर्षं कंबर बोलते हे सगळ्यांना माहीत असतं. पण ज्या टेबलावर तुम्ही दिवसाचे आठ-नऊ तास घालवता, त्याची उंची किती ठेवायची हे तुम्हाला कुणी विचारलेलं नाही. जेवणाचं टेबल साधारण ३० इंच उंच असतं. ते ताट ठेवायला ठीक आहे. टाइप करताना मात्र खांदे सैल सोडून कोपरं अंगाजवळ ठेवली, की हाताखालची पाटी कोपराच्या पातळीला किंवा जराशी खाली हवी. तुमच्या उंचीच्या बाईने पावलं जमिनीला टेकवून बसायचं ठरवलं, तर तिचं कोपर जमिनीपासून २४ इंचांच्या आसपास येतं. म्हणजे टेबल पाच-सहा इंच उंच! ती उंची गाठायला तुम्ही दिवसभर खांदे उचलून धरता. मान त्यामुळे भरून येते.

माझा अंदाज आहे, तो पडताळून बघा. घरी इंची टेप असेलच, सासूबाईंच्या मशीनच्या खणात नक्की असेल. आताच्या खुर्चीवर टेकून बसा, हात सैल सोडा, कोपर काटकोनात दुमडा आणि नवऱ्याला जमिनीपासून कोपरापर्यंतचं माप घ्यायला सांगा. मग गुडघ्यामागच्या खळग्यापासून तळव्यापर्यंतचं माप. ही दोन मापं एका कागदावर लिहून ठेवा. कुठलंही फर्निचर घेण्याआधी ती हातात हवीत. ब्लाउज शिवायला टाकताना आपण माप देतो, तसंच आहे हे.

दुसरी गोष्ट लॅपटॉपची. लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असतात. हात नीट ठेवले तर मान खाली जाते, मान सरळ ठेवली तर हात वर जातात. यातून खुर्ची वाचवू शकत नाही, कितीही महाग घ्या. वेगळा कळफलक आणि माउस घ्या. दोन्ही मिळून हजार-दीड हजारात चांगले येतात. लॅपटॉप उंचावर ठेवा. त्यासाठी स्टँडच हवा असं नाही. जुने जाड शब्दकोश, दिवाळी अंकांचा बांधलेला गठ्ठा, बुटांचं भक्कम खोकं, काहीही चालेल. फक्त लॅपटॉपच्या बुडाची हवा कोंडू नये आणि ते डुगडुगू नये. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली, आणि पडदा हात लांब केला की बोटं टेकतील एवढ्या अंतरावर. (चाळिशीनंतर दुहेरी भिंगाचा चष्मा लागलेल्यांनी पडदा आणखी खाली ठेवावा, नाहीतर भिंगाच्या खालच्या भागातून बघायला हनुवटी वर करावी लागते.)

मी गेली बावीस वर्षं घरी बसून भाषांतराचं काम करते. सगळ्यात जास्त फरक मला कशाने पडला असेल, तर या वेगळ्या कळफलकाने. म्हणून तुमच्या १४ हजारांतले पहिले दीड हजार तिकडे जाऊ द्या.

आता त्या गेमिंग खुर्चीकडे येऊ. तिचा आकार शर्यतीच्या मोटारीतल्या आसनावरून घेतलेला आहे. दोन्ही बाजूंनी वर आलेल्या कडा वळणावर चालकाला धरून ठेवण्यासाठी असतात. तुम्हाला जेवणघरात तशी वळणं नाहीत. बहुतेक अशा खुर्च्यांवर रेक्झिन असतं, ते एप्रिल-मेच्या घामात पाठीला चिकटतं. पण खरी अडचण खुर्चीची बैठक पुढून मागे किती खोल आहे याची आहे. बैठक खोल असली की तुमच्या उंचीचं माणूस दोनपैकी एक करतं, पुढे सरकून पाठ अधांतरी ठेवतं, नाहीतर मागे टेकतं आणि गुडघ्यामागे कड रुतवून घेतं. मागे नीट टेकल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्यामागचा खळगा यांत दोन-तीन बोटं अंतर राहायला हवं. नवऱ्याने दुकानात स्वतः बसून खुर्ची पसंत केली असेल, तर ती त्यांच्या मापाला बरी असेल. प्रेमानेच ते म्हणताहेत हे पत्रावरून दिसतं. त्यांना सांगा, खुर्ची घेऊ, पण मी बसून बघेन तेव्हाच.

जाळीची पाठ, वरखाली होणारी बैठक, कमरेच्या खोलगट भागाला आधार आणि टेबलाखाली जातील असे हात एवढं असलं की पुरे. कार्यालयं जागा बदलतात तेव्हा त्यांच्या चांगल्या खुर्च्या जुन्या फर्निचरच्या दुकानात येतात. तिथे घेतलीत तर बैठक पूर्ण वर करून पाच मिनिटं बसा. हळूहळू खाली उतरली तर सिलेंडर गेलेला आहे, घेऊ नका. तोवर आताच्या खुर्चीवर घडी घातलेली सतरंजी टाकून बैठक उंच करा आणि कमरेमागे टॉवेलची सुरळी ठेवा. बैठक उंच झाली की पाय लोंबकळतील. पाय लोंबकळले की मांड्यांच्या खाली दाब येतो आणि पाठ पुढे झुकते. त्यासाठी पायाखाली पाट घ्या, एक पुरला नाही तर दोन. जुन्या घरांत लग्नातले पाट माळ्यावर पडून असतात.

इथवर सगळं मापाचं झालं. आता पत्रातल्या त्या एका ओळीकडे येते, ‘ऑफिसच्या दिवशी इतकं दुखत नाही.’ तुम्ही ती सहज लिहून पुढे गेलात. पण ऑफिसची खुर्ची काही राजाची नसते. तिथे वेगळं काय आहे? तिथली जागा तुमची आहे. सकाळी मांडावी लागत नाही, दुपारी आवरावी लागत नाही. तिथे चहाला उठलात तर ती विश्रांती असते. घरी चहाला उठलात तर चार कप करून, भांडी विसळूनच परत येता. घरी तुम्ही दिवसातून तीन वेळा बिऱ्हाड हलवता आणि त्या दोन्ही जागा, टेबल आणि पलंग, कामासाठी केलेल्याच नाहीत. पलंगावर मांडीत लॅपटॉप घेऊन बसणं तर पूर्ण बंदच करा.

आणि मग पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिता, ‘मला फार काही नको, एक कोपरा मिळाला तरी पुरे.’ ताई, या घराच्या हप्त्यात तुमचाही पगार जातो असं तुम्हीच वर लिहिलं आहे. मग मागणं इतकं लहान का? मला असं वाटतं, आणि चुकत असेन तर सोडून द्या, की खुर्ची विकत घेणं तुम्हाला सोपं वाटतंय, कारण ती घ्यायला कुणाशी बोलावं लागत नाही. जागा मागायला बोलावं लागतं. खुर्ची आणलीत आणि जागा ठरली नाही, तर महिनाभरात ती खुर्ची कपडे टाकायची होईल.

शिलाई मशीनचं ‘हलवायचा प्रश्नच नाही’ हे कोण म्हणालं? पत्र मी दोनदा वाचलं, सासूबाई तसं म्हणाल्याचं कुठे दिसलं नाही. त्या एवढंच म्हणाल्या की खुर्ची ठेवणार कुठे. वन बीएचकेमध्ये हा रास्त प्रश्न आहे, विरोध नव्हे. आणि मशीन खिडकीपाशी का आहे? सुईत दोरा ओवायला, काळ्या कापडावर काळी शिवण बघायला उजेड लागतो म्हणून. त्यांनी घरातली कामाची सर्वांत चांगली जागा तेव्हाच शोधून ठेवली होती. घरून काम आपल्याकडे लॅपटॉपबरोबर आलेलं नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभं राहिलं. आजही तिथल्या भगिनी पीठ घरी नेतात आणि घरीच पापड लाटतात. बिडी वळणाऱ्या, गजरे करणाऱ्या, ब्लाउजला हुक लावणाऱ्या किती जणींनी घराच्या कोपऱ्यात बसून संसार चालवले. त्यांची कंबर कुणी विचारली नाही. सासूबाईंना विचारा, मशीनवर बसायचात तेव्हा पाठ दुखायची का? काय करायचात? जागेबद्दल बोलायच्या आधी हे विचारा, आणि खरंच ऐकायचं म्हणून विचारा. घरात बसून पैसे कमावणं म्हणजे काय, हे या घरात तुमच्याखेरीज त्यांनाच ठाऊक आहे.

त्या कदाचित मशीन सरकवू देतील. कदाचित नाही म्हणतील. मशीनवर त्यांनी आयुष्य काढलंय, ते डोळ्यांसमोर हवं असेल, आणि त्यालाही मान द्यायला हवा. मशीनवरच लॅपटॉप मांडण्याचा मोह मात्र टाळा, खाली पायाने चालवायचं पेडल असल्यामुळे पाय नीट ठेवता येत नाहीत.

दोन्ही शक्यता धरून सांगते. खिडकीची जागा मिळाली तर लॅपटॉपचा पडदा खिडकीला काटकोनात ठेवा, उजेड डाव्या किंवा उजव्या हाताने येईल असा. खिडकी पाठीमागे असली तर पडद्यावर चकाकी येते, समोर असली तर डोळे दिपतात. नाही मिळाली, तर बेडरूममधलं कपाट आणि खिडकी यांमधली भिंत बघा. तुम्ही ती तीन फूट सांगितली आहे, पुरेशी आहे. तिथे सुताराकडून भिंतीला घडीचं टेबल करून घ्या. लांबी अडीच-तीन फूट, खोली दोन फुटांपेक्षा कमी नको, नाहीतर पडदा नाकाशी येईल. एकोणीस मिलीमीटरचा प्लाय, वर चकाकी नसलेला सनमायका. आणि उंची २६ इंच! सुतार म्हणेल, ‘मॅडम, टेबल तीसलाच असतं.’ त्याला तुमचा कागद दाखवा. २६ इंच ठेवलं तर घरातली नेहमीची १८ इंची खुर्ची आणि पायाखाली एक पाट एवढ्यात तुमचं माप बसतं, नवी खुर्ची लगेच लागणारही नाही. हे माझं गणित तुमच्या उंचीवरून केलेलं आहे. कोपराचं प्रत्यक्ष माप वेगळं आलं तर ते धरा. भिंत बाहेरची असेल आणि पावसाळ्यात ओल धरत असेल तर तिथे प्लाय लावू नका. हलक्या ब्लॉकची भिंत असेल तर सुताराला आधी सांगा, तिला वेगळे बोल्ट लागतात. बंद केलेल्या गॅलरीचा पर्याय तुम्ही लिहिला आहे, तो मला पटत नाही. डोंबिवलीची दुपार, धूळ, आणि जुलैत काचेच्या फटीतून येणारं पाणी, यांत वीज आणि लॅपटॉप नको.

काही वाचक विचारतील, खाली बसून काम केलं तर? पूर्वी पेढीवर दिवाणजी गादीवरच बसत. खरं आहे, पण त्यांच्या पाठीला लोड असे आणि समोर उतरत्या झाकणाची पेटी, म्हणजे वही आपोआप उंच आणि तिरकी यायची. तशी सोय केलीत, पाठ भिंतीला, समोर चौरंग, तर तासभर खाली बसायला हरकत नाही. गुडघे कुरकुरत असतील तर तेवढंही नको.

आता आवराआवर. आवरलेलं घर म्हणजे फोटोतलं पांढरं टेबल, वर एक कुंडी आणि बाकी काही नाही, असं चित्र तुमच्या मनात असावं. त्या टेबलावर कुणी काम करत नसतं. त्यापेक्षा तुमच्या स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा बघा. रोज लागणारं तेवढंच त्यात, हाताशी, आणि झाकण लावलं की पसारा दिसत नाही. तिथे वेलदोडे नसतात, ते वरच्या फळीवर. टेबलाचंही तसंच करा. हात न ताणता पोचेल तिथे कळफलक, माउस, वही, पेन, पाण्याची बाटली. चार्जर, हेडफोन, चष्म्याचं घर एका पसरट डब्यात. बँकेचे कागद, मुलीचे खोडरबर, औषधाच्या पट्ट्या यांना या टेबलावर जागा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

वायरींचा एकच नियम ठेवा, सगळ्या वायरी जमिनीपासून एक वीत वर. लादी पुसताना ओलं फडकं त्यांना लागता कामा नये आणि कुणाचा पाय अडकता कामा नये. एक्सटेन्शन बोर्ड टेबलाच्या खालच्या बाजूला स्क्रूने पक्का करा. चार्जरची जास्तीची लांबी गुंडाळून कापडाच्या पट्टीने बांधा. टेबलाच्या कडेला दोन बाइंडर क्लिपा लावून त्यांच्या कडीतून वायरींची टोकं ओवून ठेवा, म्हणजे ती खाली पडत नाहीत. त्या बोर्डावर इस्त्री, मिक्सर काही लावू नका. वीज गेल्यावर मीटिंग तुटते असं लिहिलं आहे, त्यासाठी राऊटरला लावायचा छोटा यूपीएस मिळतो. लॅपटॉपला बॅटरी असतेच, तेवढ्याने काम निभतं.

डोळे कोरडे पडत असतील तर डोक्यावरच्या पंख्याचा झोत थेट तोंडावर येतोय का ते बघा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवरचं काहीतरी बघा. समोरच्या इमारतीची टाकी चालेल. फोन उभ्याने घ्या, चालत घ्या. ओट्यावर लॅपटॉप ठेवून उभ्याने टाइप करायला जाऊ नका, ओटा त्यासाठी फार खाली पडतो आणि पुन्हा वाकणं आलंच. अकरा आणि चारचा चहा आठवड्यातून तीन दिवस दुसऱ्या कुणीतरी करायचा, हे जागेच्या बोलण्यातच ठरवून टाका. कंपनीलाही लेखी विचारा, घरून कामासाठी खुर्ची किंवा भत्ता देता का. काही कंपन्या देतात, आणि न विचारणाऱ्याला कुणी आणून देत नाही.

संध्याकाळी तुमचं संपलं की मुलगी त्याच टेबलावर अभ्यासाला बसेल, बसू द्या. तिच्यासाठी बैठक आणखी उंच करा आणि पाट दोन लावा. तिचंही कोपराचं माप त्याच कागदावर, आजची तारीख घालून लिहा. ते दर सहा महिन्यांनी बदलेल.